खरे असले तरी कोणाचे?



आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही सांगेल. पण खऱ्या साक्षीचे काय? एखादी गोष्ट अगदी खरी आहे, आपण ती डोळ्यांनी पाहिली आहे, आपल्या अंगावर तिचे वळ आहेत. मग ती चारचौघांत सांगण्याची आपल्याला पूर्ण मुभा आहे का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, 'मी काय खोटं सांगतोय का?' एवढे म्हटले की विषय संपला असे आपल्याला वाटते. ख्रिस्तसभेच्या नीतिशिकवणीत विषय तिथे सुरू होतो.

ही शिकवण दोन पापे वेगळी करते. कोणावर खोटा आळ घेणे हे एक. कोणाचा खरा दोष, तो ज्यांना ठाऊक नव्हता अशांपुढे, सबळ कारण नसताना उघडा करणे हे दुसरे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात परनिंदेचा स्वतंत्र विचार केला आहे. ऐहिक गोष्टींत माणसाचे सुनाव हे धनापेक्षाही मोलाचे, म्हणून ते हिरावून घेणे ही मोठी हानी, असे ते सांगतात. पण त्याच ठिकाणी ते एक वाटही मोकळी ठेवतात. एखाद्या आवश्यक भल्यासाठी, योग्य ती काळजी घेऊन बोललेल्या शब्दांनी कोणाचे नाव कमी झाले, तर ते पाप ठरत नाही. 'सबळ कारण' आणि 'योग्य ती काळजी', या दोन ठिकाणी सगळा पेच आहे.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे, की आपल्या भागातील एक तरुण आपल्या वाया गेलेल्या वर्षांची हकिकत लिहीत आहे. तो कोण, हे आम्ही सांगणार नाही, आणि वाचकांनीही तर्क लढवू नयेत. तुमच्या मनात जो आला असेल, तो बहुधा नव्हेच. आठवीतून शाळा सुटली, हायवेवरच्या ढाब्यांवर रात्री गेल्या, दारू आली, मटका आला, लहानमोठ्या चोऱ्या झाल्या. मुकादमाकडून घरच्यांनी घेतलेली उचल एकदा त्याने दोन दिवसांत उडवली आणि आईबापांना ती पूर्ण हंगाम कोयता चालवून फेडावी लागली. त्याच्याबरोबर दोन मित्र होते. त्यांतला एक आता या जगात नाही. आज हा तरुण नीट कामाला जातो, संध्याकाळी शंभरपानी वहीत लिहितो. त्याने विचारले, ''फादर, बाप मारायचा ते लिहू का? आणि मित्राचं नाव घालू का?''

नावे बदलून लिही, हा सोपा सल्ला. मुंबई-पुण्याच्या वाचकांपुरता तो ठीक आहे. आपल्या पालीत नाव बदलून काय होणार? धरण तेच, मांजरसुंब्याचा घाट तोच, ढाबाही तोच. अमक्या सालच्या हंगामात ज्याच्या टोळीची गाडी उलटली तो मुकादम, एवढे लिहिले की नावाची गरजच उरत नाही. पारावर बसलेली पोरेसुद्धा बोट दाखवतील. उलट बदललेल्या नावाने लोकांना कोडे सोडवण्याची गोडी लागते. म्हणजे हा प्रश्न नावाच्या आधीचा आहे. ती हकिकत सांगावी की नाही, इथूनच सुरुवात करावी लागते.

बिघडलेल्या तारुण्याची हकिकत लिहिणाऱ्यांत आपल्या परंपरेत पहिले नाव संत ऑगस्टीन यांचे. इ.स. 397 ते 400 च्या सुमारास, हिप्पोचे महागुरू असताना, त्यांनी 'कन्फेशन्स' लिहिले. सोळाव्या वर्षी मित्रांच्या टोळक्याबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली, भूक नव्हती, केवळ चोरीच्या मजेसाठी चोरली, हा प्रसंग आपण प्रवचनांतून ऐकलेला आहे. पण आज त्या पुस्तकाकडे वेगळ्या बाजूने पाहू. ते केवळ ऑगस्टीनविषयी नाही. त्यात वडील पॅट्रिशियस आहेत, तापट, आणि पत्नीशी एकनिष्ठ नसलेले. आई संत मोनिका आहे. मुलगी असताना पिंपातून मद्य काढून आणताना तिला घोट घोट पिण्याची सवय लागली होती आणि घरच्या दासीने तिला त्यावरून टोचून बोलले, हेही मुलाने लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी किती जण आपल्या आईविषयी असे लिहितील? मोनिका तेव्हा जिवंत नव्हती. ती 387 साली ऑस्टिया बंदरात वारली. तिची परवानगी घेण्याचा प्रश्न नव्हता. पण ही गोष्ट तिनेच मुलाला सांगितली होती, असे तो लिहितो. लाज तिची, सांगितली तिने, मुलाने ती पुढे नेली.

अलिपियस या मित्राचे उदाहरण आणखी बोलके आहे. रोममध्ये त्याला तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांचे वेड लागले होते, ते ऑगस्टीनने सविस्तर लिहिले, नावासह. पुस्तक लिहिले गेले तेव्हा हा अलिपियस तागास्ते या गावचा महागुरू होता! एका महागुरूने दुसऱ्या महागुरूच्या तारुण्यातील वेड जगापुढे मांडले. पण त्याला आधीची हकिकत आहे. पौलिनस नावाच्या एका भक्ताने अलिपियसकडे त्याची जीवनकथा मागितली होती. स्वतःविषयी लिहायला अलिपियसला संकोच वाटत होता, म्हणून ते काम ऑगस्टीनने आपल्याकडे घेतले. दोघांत ही गोष्ट उघड होती. पाठीमागून काही झाले नाही.

आता तिसरी व्यक्ती. तारुण्यात ऑगस्टीन एका स्त्रीबरोबर सुमारे पंधरा वर्षे राहिला. तिच्यापासून त्याला अदेओदातुस हा मुलगा झाला. मग मिलान शहरात मोठ्या घराण्यात त्याचे लग्न ठरले, आणि त्या स्त्रीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा बापाकडे राहिला. पुन्हा कोणा पुरुषाचा विचार न करण्याचा संकल्प करून ती गेली. आपले काळीज त्या वेळी रक्ताळले, असे ऑगस्टीन लिहितो. मुलाचे नाव पुस्तकात आहे. तिचे नाव नाही. सोळाशे वर्षे विद्वान त्या पुस्तकाचा अभ्यास करीत आहेत, पण तिचे नाव कोणाला माहीत नाही.

याला काय म्हणावे? तिची अब्रू राखली, असे काही म्हणतात. ती कदाचित जिवंत असेल, एखाद्या व्रतस्थ समुदायात असेल. महागुरूच्या पुस्तकातून तिच्याकडे बोटे वळू नयेत. दुसरे म्हणतात, तिला पुसून टाकले. घरातून पाठवले आणि पानावरूनही. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, पण दुसरे मत आम्हांला झोपू देत नाही. कारण तिला विचारले होते का, याचा उल्लेख नाही. नाव झाकणे ही दया असू शकते आणि तोच अन्यायही असू शकतो. ते कोणाच्या सोयीचे आहे, हे पाहावे लागते.

नाव उघड घेणे हा मान कसा होतो, याचे उदाहरण आपल्या मराठीत आहे. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा विशीत होता, वैद्यकीय शिक्षण घेत होता. आई शांताबाई तमाशात नाचणारी. वडिलांनी आपले नाव दिले नाही, तर मुलाने आईचे नाव मधे लावले, तेही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. आत आईविषयी सगळे काही गोड नाही. ती दुसऱ्याच्या घरी राहायला गेली आणि मुलगा आजोबांकडे राहून मार खात, राबत वाढला. ती तक्रार पानापानांत आहे. तरी कोण दोषी, याचा रोख आईवर येऊन थांबत नाही. मुलींना नाचायला लावून त्यांच्या कमाईवर जगणारे घरातले पुरुष, आणि रात्री येऊन सकाळी ओळख न दाखवणारे बाहेरचे पुरुष, यांच्याकडे तो वळतो. डॉक्टर झालेले हे लेखक 2007 साली अपघातात गेले. ही सगळी माणसे खरी होती, त्यांतील अनेक जिवंत होती, आणि ज्यांच्या तोंडून ही हकिकत कधी बाहेर आली नसती, ती त्यांच्याच घरातल्या मुलाने सांगितली.

शेजारच्या लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली गेला, पण पोलीस चौकीच्या मनातून शिक्का गेला नाही. अशा घरातला मुलगा लिहायला बसला, तर त्याने काय करावे? आपल्या माणसांनी चोरी केली, लहान पोरांना मारून मारून चोरीचे शिक्षण दिले, हे लिहिले तर शिक्का आणखी गडद होण्याची भीती. न लिहिले तर पोलिसांनी घरात शिरून बायामाणसांना कसे झोडपले, हेही लिहिता येत नाही, कारण दोन्ही एकाच गोष्टीची टोके आहेत. त्यांनी दोन्ही लिहिले. दया पवारांच्या 'बलुतं' पासून (1978) अशा पुस्तकांना त्यांच्याच समाजातील काही शिकल्यासवरल्यांनी विचारले आहे, हा उकिरडा आता का उकरता? हा प्रश्न खोटा नाही. मुलामुलींची लग्ने जमवायची असतात, शहरात खोली भाड्याने घ्यायची असते. पण 'बलुतं' मध्ये पहिल्या पत्नीला संशयावरून सोडल्याची कबुलीही आहे. लेखक स्वतःला दगडू मारुती पवार म्हणून समोर बसवतो आणि त्यालाही सवलत देत नाही. दुसऱ्यांचे उकरणाऱ्याने स्वतःचे झाकले, तर त्या पुस्तकाची किंमत आमच्या लेखी अर्ध्यावर येते.

येथे आम्हां धर्मगुरूंना एक मोह होतो. पापनिवेदनासाठी आलेली व्यक्ती नवऱ्याची, सासूची, जावेची पापे सांगू लागली, की आम्ही हळूच थांबवतो, 'तुमचे सांगा.' तोच नियम आत्मकथेला लावावा, असे वाटते: स्वतःची पापे लिही, दुसऱ्यांची त्यांच्यावर सोड. ऐकायला सुंदर आहे. पण आत्मकथा म्हणजे पापनिवेदन नव्हे. जिथे माणसाने पाप केले तिथे तो निवेदन करतो. जिथे त्याच्यावर पाप झाले तिथे तो साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराला गप्प बस म्हणणे हे न्यायाच्या विरुद्ध आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण ते सव्वा लाख जातात कोणाच्या खिशात? बहुधा मारणाऱ्याच्या.

2019 साली आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. बायका बोलल्या म्हणून हे झाले. आणि हे दुसऱ्यांनाच सांगून आम्हांला मोकळे होता येणार नाही. अनेक देशांत ख्रिस्तसभेची बदनामी नको, या सबबीखाली लहान मुलांवरील अत्याचार वर्षानुवर्षे झाकले गेले. पीडित मोठे झाले, त्यांनी नावानिशी सांगितले, तेव्हा ते थांबवण्याची सुरुवात झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली नियम केला, की अशी गोष्ट कळल्यावर धर्मगुरूंनी व व्रतस्थांनी ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. तेथे गप्प राहणे हाच दोष ठरला.

म्हणून आमच्या मते पहिला प्रश्न असा, की ज्याचे गुपित उघडे होणार तो त्या हकिकतीत बलवान होता की दुबळा? हात उचलणारा बाप, दारू पुरवून उधारीत अडकवणारा धंदेवाला, पैशाच्या जोरावर पोरांना राबवणारा, यांचे गुपित राखणे लेखकाचे कर्तव्य नाही. पण त्याच हकिकतीत एखादी मुलगी असते, जिला याने फसवले. आई असते, जिने याच्या चोरीचा माल एका रात्री धान्याच्या कणगीत लपवला. तो मेलेला मित्र असतो. हे दुबळे. यांच्या लाजेवर आपले पुस्तक चटकदार करण्याचा हक्क कोणाला नाही, मग पश्चात्ताप कितीही खरा असो.

बापाचेही तसे सरळ नाही. तो मारायचा, हे खरे, ते लिहावे. आज तोच म्हातारा आहे, मोतीबिंदूने डोळे अधू, मुलाच्या भाकरीवर आहे. काल बलवान होता, आज दुबळा आहे. म्हणून आम्ही एवढेच सांगितले, की मार लिहिताना त्या दिवशी टोळीवर काय झाले होते, मुकादम काय बोलला होता, तेही आठवत असेल तर लिही. त्याने मार हलका होत नाही. पण वाचणाऱ्याला राक्षस दिसण्याऐवजी बाप दिसतो, आणि तेच जास्त खरे आहे.

वहीत लिहिणे आणि छापणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे लोक विसरतात. वहीत सगळे लिहावे, काही गाळू नये. छापण्यापूर्वी जिवंत माणसांना वाचून दाखवावे. आईला वाचता येत नसेल, तर चुलीपाशी बसून वाचावे. ती नको म्हणाली तर? येथे आम्ही असा भेद करू: जे तिच्या देहाचे, तिच्या लाजेचे, तिच्या संसाराचे आहे, त्यावर तिचा नकार शेवटचा. जे लेखकाच्या स्वतःच्या पाठीवर घडले, त्यावर कोणाचाच नकार शेवटचा नाही, आईचाही नाही. मेलेल्या मित्राला विचारता येत नाही. त्याची बायको आहे, दोन मुले शाळेत आहेत. चोरी तिघांनी केली असेल, पण 'मी चोरले' हे वाक्य लिहायला दुसरे दोघे लागत नाहीत.

घरच्यांविषयी लिहावे कसे, याचा नमुना पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढावीत. पुस्तक चार भागांत 1934 ते 1936 या काळात आले. 1857 च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात येत नसे. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, आणि तितकेच तापट व लहरी. न सांगता घर सोडून जाणारे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, आणि पाच वर्षे मनाशी झगडून 1900 साली त्यांनी स्वतः तो घेतला. या बाईला तक्रार करायला कितीतरी जागा होती! तिने काहीच लपवले नाही. पण वाचताना आपण त्या टिळकांवर रागावतो, हसतो, आणि प्रेमही करू लागतो. याचे गुपित आम्हांला असे वाटते, की लक्ष्मीबाई स्वतःलाही तितक्याच मोकळेपणाने हसतात. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, हेही लक्षात ठेवावे. काही हकिकती घाईने छापण्याच्या नसतात.

आपल्या पालीत दत्ता व संध्या बारगजे यांनी उभे केलेले 'इन्फंट इंडिया' हे एचआयव्हीबाधित मुलांचे घर आहे. अशा घरात भेटीला, वाढदिवसाला जाणारे आपण हातात मोबाईल घेऊन जातो, हे विसरू नये. 2015 च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलांचे नाव, छायाचित्र, शाळा प्रसिद्ध करण्यास बंदी आहे, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करता येत नाही. कायदा नसता तरी गोष्ट तीच. ती मुले मोठी होत आहेत, काही झालीही आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी आपली हकिकत लिहील, आईबापांविषयी लिहील, आजार घरात कोणाकडून आला तेही कदाचित लिहील. ते त्यांनी ठरवायचे. तोपर्यंत ती हकिकत आपण चहाच्या टपरीवर खर्च करून टाकू नये.

वाचणाऱ्यांचीही एक गोष्ट राहिली. महात्मा गांधींनी 1925 पासून 'नवजीवन' साप्ताहिकात आत्मकथा हप्त्याहप्त्याने लिहिली. विड्यांची थोटके ओढली, नोकराचे पैसे चोरले, भावाच्या कड्यातले सोने काढले, कस्तुरबांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले, हे सगळे त्यांनी लिहिले. ज्या मित्राने त्यांना मांस खायला लावले आणि वेश्येच्या दारापर्यंत नेले, त्याच्यावर त्यांनी प्रकरण लिहिले, पण त्याचे नाव लिहिले नाही. नंतरच्या अभ्यासकांनी ते शोधून काढले आणि आज ते अनेक चरित्रांत सापडते. आम्हीही ते वाचले आहे. या पत्रकात ते छापण्याची गरज नाही.